मधल्या पेशीचं जाणं

लावणी उरकून दोन-तीन आठवडे झाले, पाऊस जरा ओसरला आणि मधूनमधून ऊन पडायला लागलं की सिंधुदुर्गातल्या कुठल्याही खाचरात वाकून बघावं. चुडांच्या मधल्या पाण्यात, तळाच्या चिखलावर एक निळसर हिरवा, काळपट थर धरलेला असतो. दुपारच्या उन्हात त्यात बुडबुडे अडकतात, थराचे तुकडे सुटून वर येतात आणि वाऱ्यासरशी बांधाच्या कडेला गोळा होतात. हाताला बुळबुळीत लागतं, नाकाला ओल्या मातीचा वास येतो. लहानपणी मी ते काठीने ओढून बांधावर टाकायला जायचे. आजी बेणायचं काम न थांबवता म्हणायची, “काडू नको गो तां. रवांदे. जमनीक बरां असता.”

तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते का बरोबर हे विज्ञानाला कळलं त्याला फार काळ लोटलेला नाही. भातखाचरातलं नत्र या शेवाळातून येतं हे प्रयोगाने दाखवणारा निबंध पी. के. डे यांनी १९३९ साली प्रसिद्ध केला. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात आर. एन. सिंह यांनी उत्तरेतल्या ऊसर, म्हणजे क्षाराने पांढऱ्या पडलेल्या जमिनींवर हेच शेवाळ वाढवून त्या सुधारण्याचे प्रयोग केले. ही दोन्ही कामं भारतीय संशोधकांची, तीही आपल्या मातीत उकरून केलेली, आणि आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत त्यांना एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ.

शेवाळ म्हणायचं ते सवयीने. पुस्तकातलं नाव नीलहरित शैवाल, पण खरं तर हे जीवाणू आहेत. ॲनाबीना, नॉस्टॉक, ऑलोसिरा, सिलिंड्रोस्पर्मम अशी त्यांची कुळं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि दर पावसाळ्यात खाचरातला हा थर बाटलीत भरून प्रयोगशाळेत आणते. नखाएवढा तुकडा सुईने पिंजून काचपट्टीवर ठेवायचा, वर पाण्याचा थेंब, त्यावर पातळ काच. चारशे पट मोठं करून पाहिलं की त्या घाणेरड्या दिसणाऱ्या तुकड्यात शेकडो तंतू दिसतात. प्रत्येक तंतू म्हणजे एकीला एक चिकटलेल्या पेशींची ओळ. एकेक पेशी तीन-चार मायक्रोमीटरची, म्हणजे हजार पेशींची ओळ जेमतेम तीन-चार मिलिमीटर भरेल. सगळ्या पेशी निळ्या-हिरव्या, आत बारीक रवाळ. नजर तंतूवरून सरकत जाते आणि मधेच अडते. तिथली पेशी वेगळी असते. फिकट, पिवळसर, जराशी मोठी, भिंत जाड आणि आतून इतकी नितळ की रिकामीच वाटावी. दोन्ही टोकांना, जिथे ती शेजारणींना जोडलेली असते तिथे, एकेक चकाकणारा ठिपका. आणखी दहा-पंधरा हिरव्या पेशी ओलांडल्या की तशीच दुसरी. मग पुन्हा दहा-पंधरा, आणि तिसरी.

ही हेटेरोसिस्ट. शंभरातल्या पाच ते दहा पेशी अशा असतात. एकोणिसाव्या शतकापासून लोक तिला सूक्ष्मदर्शकातून पाहत आले, पण ती करते काय ते कुणालाच सांगता येईना. १९५१ साली फ्रिट्श या मोठ्या शैवालतज्ज्ञाने तिला वनस्पतिशास्त्रातलं कोडं म्हटलं होतं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९४९ साली, फॉग यांनी एक धागा पकडून दिला होता: पाण्यात अमोनिया, म्हणजे तयार नत्र, असेल तर या पेशी तयारच होत नाहीत. आणि १९६८ साली फे, स्ट्युअर्ट, वॉल्सबी आणि फॉग यांनी उघड प्रश्न मांडला की हवेतलं नत्र बांधण्याची जागा हीच का? उत्तर ‘होय’ निघालं.

या ‘होय’मागे काय दडलंय ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. खाचरावरच्या हवेत शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग नत्र असतं, आणि त्याच खाचरातलं भात नत्राविना पिवळं पडतं. हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने धरून असतात. तो बंध तोडणं भाताला जमत नाही, आपल्याला जमत नाही, कुठल्याही झाडाला किंवा प्राण्याला जमत नाही. माणसाने ते कारखान्यात साधलं. हेबर-बॉश पद्धतीचा पहिला मोठा कारखाना १९१३ साली जर्मनीत ओप्पाऊला सुरू झाला. त्याला चारशे ते पाचशे अंश तापमान आणि वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. गोणीतला युरिया येतो तो तिथून. खाचरातली ही पेशी तेच काम श्रावणातल्या कोमट पाण्यात करते. तिच्याकडे नायट्रोजनेज नावाचं विकर आहे, लोह आणि मॉलिब्डेनम पोटात घेतलेलं. नत्राचा एक रेणू फोडायला ते एटीपीचे, म्हणजे पेशी शक्तीसाठी मोडते त्या सुट्ट्या पैशांचे, सोळा रेणू खर्च करतं. सजीवांच्या हिशेबात हा फार मोठा खर्च आहे.

आणि या विकराला प्राणवायू चालत नाही. नुसता त्रास होतो असं नाही, प्राणवायू लागला की ते कायमचं निकामी होतं. ते घडलं तेव्हा पृथ्वीच्या हवेत प्राणवायू नव्हताच. तो आला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि आणला कुणी, तर याच नीलहरित जीवाणूंच्या पूर्वजांनी, पाणी फोडून, उन्हावर जगायला शिकून. म्हणजे ज्या पेशीला नत्र बांधायचं तीच पेशी दिवसभर प्राणवायू सोडत असते. दुपारी थरात अडकलेले ते बुडबुडे प्राणवायूचेच. पोट भरण्याची एक रीत दुसऱ्या रितीला मारते.

काही एकपेशीय जाती यातून वेळ वाटून घेऊन सुटल्या: दिवसा ऊन खायचं, रात्री नत्र बांधायचं. आपल्या समुद्रात, पावसाळ्याआधीच्या महिन्यांत, ट्रायकोडेस्मियम नावाच्या जातीचे तपकिरी पट्टे पाण्यावर पसरतात. ती हेटेरोसिस्टशिवायच, भर दिवसा नत्र बांधते. तिची युक्ती गुंतागुंतीची आहे आणि तिच्यावर वेगळं लिहायला हवं. खाचरातल्या तंतूंनी जागा वाटून घेतली. बहुतेकींनी ऊन खायचं, मधूनमधून एकेकीने ते सोडायचं.

हे सोडणं कसं होतं ते प्रयोगशाळेत पाहता येतं. तंतू नायट्रेट घातलेल्या पाण्यात वाढवले की सगळ्या पेशी सारख्या राहतात, एकही हेटेरोसिस्ट दिसत नाही. मग ते धुऊन, गाळून बिननत्राच्या पाण्यात टाकायचे आणि उजेडात, तिशीच्या आसपासच्या तापमानात ठेवायचे. पेशीत आधी टंचाई जाणवते. नत्र जोडून घ्यायला म्हणून तयार असलेला एक कार्बनी रेणू, टू-ऑक्सोग्लुटारेट, नत्रच नसल्याने साचत जातो. तो साचला की एनटीसीए नावाचं प्रथिन जागं होतं आणि हेटआर नावाच्या जनुकाला चालना मिळते. हेटआर हा या सगळ्याचा कारभारी. १९९१ साली ब्युकेमा आणि हॅझेलकॉर्न यांनी तो शोधला. तो नसेल तर कितीही उपासमार झाली तरी एकही हेटेरोसिस्ट होत नाही. त्याच्या जादा प्रती पेशीत घातल्या तर नायट्रेटने भरलेल्या पाण्यातसुद्धा हेटेरोसिस्ट व्हायला लागतात.

पुढच्या काही तासांत निवडल्या गेलेल्या पेशीचं रूप पालटतं. ती स्वतःभोवती दोन नवे थर घालते, बाहेरून शर्करांचा आणि आतून एका खास स्निग्ध पदार्थाचा, ज्यातून हवा जेमतेमच झिरपते. अल्शियन ब्लू नावाचा रंग घातला की बाहेरचा थर निळा होतो, आणि साध्या डोळ्यांना काही फरक दिसायच्या आधीच कुठली पेशी चाललीय ते मुलांना कळतं. मग ती पाणी फोडून प्राणवायू सोडणारी आपली यंत्रणा बंद करते. उजेडातून नुसती शक्ती मिळवणारी दुसरी यंत्रणा मात्र चालू ठेवते, कारण सोळा एटीपी कुठून तरी यायला हवेत. हवेतल्या कार्बन वायूपासून साखर बनवणं ती सोडून देते. आपला निळा रंग मोडून खाते, म्हणून ती फिकट दिसते. श्वसन वाढवते, म्हणजे चुकूनमाकून आत आलेला प्राणवायू जाळून टाकता येतो. शेजारणींशी असलेला सांधा आक्रसून बारीक करते. टोकाचा तो चकाकणारा ठिपका त्या सांध्यापाशी साठवलेल्या नत्राचा असतो, अर्जिनीन आणि ॲस्पार्टिक आम्ल यांच्या साखळीच्या रूपात. साधारण चोवीस तासांत हे सगळं पुरं होतं.

आता साखर करत नाही म्हटल्यावर ती खाणार काय? शेजारणी तिला सुक्रोज पाठवतात. आपल्या चहातली साखर म्हणजेच सुक्रोज. ती बदल्यात बांधलेलं नत्र पाठवते, ग्लुटामिन आणि अर्जिनीन-ॲस्पार्टेटची जोडी यांच्या रूपात. पेशींच्या मधल्या पडद्यात त्यासाठी बारीक वाटा असतात. त्या वाटांची प्रथिनं बिघडवली की नत्राच्या टंचाईत तंतूचे तुकडे पडतात.

हे वाचताना मला दर वेळी माझे मधले काका आठवतात. आमच्याकडे तीन भाऊ. जमीन तुकड्यांची, तीही निम्मी कातळावरची. काका सोळा-सतरा वर्षांचे असताना मुंबईला गेले, गिरणीत लागले, गाववाल्यांच्या खोलीत राहिले. दर महिन्याला मनीऑर्डर यायची. गावाकडून त्यांना तांदूळ, कुळथाचं पीठ, सोलं, कधी सुके बांगडे जायचे, कोणीतरी मुंबईला निघालं की त्याच्या पिशवीतून. अख्खं कोकण असंच उभं राहिलेलं आहे, मनीऑर्डरच्या अर्थव्यवस्थेवर प्रबंध लिहिले गेलेत. घरातले सगळे काकांबद्दल बोलताना आवाज खाली आणून ‘त्याने घरासाठी केलं’ म्हणायचे. काकांना ते मुळीच आवडायचं नाही. एकदा ओटीवर बसून सुपारी कातरताना मला म्हणाले, “अगो, माका कोणी इचारूक नाय आणि मी कोणाक सांगूक नाय. कोणीतरी जावक व्हया होता. मोठो नांगराक, धाकटो शाळेत. मी मधे होतंय, मी गेलंय.”

मधे होतो, गेलो. तंतूत कोण जाणार हेही जवळपास असंच ठरतं, आणि ते कसं हे समजून घेताना मी कित्येक रात्री जागी राहिले आहे.

तंतूतल्या सगळ्या पेशींत एकच जनुकसंच असतो. उपासमार सगळ्यांचीच होते. म्हणजे हेटआरची चाहूलही सगळ्यांतच लागते, कुठे किंचित जास्त, कुठे किंचित कमी. हेटआर स्वतःलाच आणखी चालना देतो, त्यामुळे जिच्यात तो जरा पुढे गेला तिच्यात आणखी वेगाने वाढतो. पण त्याच वेळी तो दुसऱ्याही एका जनुकाला चालना देतो. त्याचं नाव पॅटएस, आणि तो बनवतो एक चिमुकलं प्रथिन. या प्रथिनाचा तुकडा शेजारच्या पेशींत शिरतो आणि तिथल्या हेटआरला पकडून निकामी करतो. म्हणजे जी पुढे जाते ती पुढे जातानाच दोन्ही बाजूंच्या शेजारणींना ‘तुम्ही नका’ असं सांगत जाते. तिचं स्वतःचं काम मात्र या निरोपाने थांबत नाही. दूर गेल्यावर निरोप विरत जातो, आणि जिथे तो पोचतच नाही तिथे दुसरी कोणी पुढे निघते. यून आणि गोल्डन यांनी १९९८ साली हे दाखवलं. पॅटएस काढून टाकला की हेटेरोसिस्ट एकीला एक लागून, घोळक्याने तयार होतात. पॅटएस जास्त दिला की एकही होत नाही. इतकंच काय, त्या प्रथिनाच्या शेपटाकडची फक्त पाच अमिनो आम्लं कृत्रिमरीत्या जोडून पाण्यात टाकली तरी सगळ्या तंतूंचं हेटेरोसिस्ट बनवणं थांबतं. पाच अमिनो आम्लांचा निरोप!

आणि मधे कोण? तंतू वाढत राहतो, हिरव्या पेशी विभागत राहतात, दोन हेटेरोसिस्टमधलं अंतर वाढत जातं. दोन्ही टोकांकडून येणारा निरोप मधोमध सर्वांत क्षीण असतो, आणि नत्रही तिथे सर्वांत कमी पोचतं. नवी हेटेरोसिस्ट होते ती साधारण तिथेच, मधे. कुणी नेमलेलं नसतं, कुठे नकाशा नसतो. नुसत्या दोन गोष्टी, स्वतःला ढकलणं आणि शेजाऱ्याला थोपवणं, आणि त्यातून ही इतकी नेटकी अंतरं पडतात. ॲलन ट्युरिंगने १९५२ साली केवळ गणिताने असं सुचवलं होतं की दोन रसायनांच्या अशा खेळातून सजीवांच्या अंगावरची नक्षी उमटू शकेल. तेव्हा ते कागदावरचं होतं. पण ज्याला ते जिवंत बघायचं आहे त्याने भाताचं खाचर गाठावं.

यातलं मला सर्वांत प्रिय काम जरा जुनं आहे, १९७३ सालच्या आसपासचं. विलकॉक्स, मिचिसन आणि स्मिथ यांनी हेटेरोसिस्ट व्हायला निघालेल्या, पण अजून पुरत्या न झालेल्या पेशीजवळ तंतू तोडून पाहिला. चार-दोन पेशींच्या तुकड्यात एकटी राहिलेली अशी अर्धवट पेशी पुष्कळदा माघारी फिरली, पुन्हा साधी हिरवी पेशी झाली. म्हणजे निघाल्यावरही काही तासांपर्यंत परतीची वाट खुली असते. त्यानंतर ती बंद होते, आणि मग कितीही नायट्रेट ओता, ती पेशी परत येत नाही.

बंद झाल्यावर पेशी जे करते त्याने मी अजूनही हादरते. नायट्रोजनेजच्या एका घटकाचं जनुक, निफडी, साध्या पेशींत अखंड नसतंच. त्याच्या मधोमध डीएनएच्या अकरा हजार अक्षरांचा एक परका तुकडा घुसलेला असतो. हेटेरोसिस्ट होताना पेशी तो तुकडा कापून बाहेर काढते आणि जनुकाची दोन टोकं सांधते. गोल्डन, रॉबिन्सन आणि हॅझेलकॉर्न यांनी १९८५ साली हे उघडकीला आणलं. कापलेली ही प्रत पुढच्या पिढीत जाण्याचा प्रश्नच येत नाही, कारण हेटेरोसिस्ट विभागत नाही. तिला लेकी होत नाहीत. ती काही दिवस काम करते, म्हातारी होते, मरते, आणि बहुधा तंतू तिथेच तुटतो. तुटलेले दोन्ही तुकडे पुढे स्वतंत्र वाढतात.

काकांशी असलेलं साम्य इथे संपतं, आणि ते संपतं याचं मला बरं वाटतं. काका परत आले. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, तो मिटलाच नाही, काकांची गिरणी पुन्हा उघडली तेव्हा तिथे त्यांना जागा नव्हती. थकलेली रक्कमही त्यांना कधी पुरी मिळाली नाही. मनीऑर्डर बंद झाली, आणि ज्या घराला त्यांनी पोसलं त्या घरात ते मोकळ्या हातांनी आले. आजीने त्यांचं ताट वाढलं. पुढची कित्येक वर्षं ते आमच्यात होते, कलमं बांधत, मुलांना हिशेब शिकवत. माणसाच्या घराला ही सोय आहे. तंतूला ती नाही.

म्हणूनच विज्ञानाच्या लोकप्रिय लेखांत हेटेरोसिस्टबद्दल ‘त्याग’, ‘बलिदान’ असे शब्द दिसले की मी अस्वस्थ होते. त्यागाला निवड लागते. या पेशीला कुणी विचारलेलं नसतं आणि तिनेही कुणाला सांगितलेलं नसतं. शिवाय तिची आणि तिच्या शेजारणींची जनुकं एकच आहेत. शेजारणींच्या लेकी वाढल्या म्हणजे तिचंच सगळं वाढलं. आणि नत्र संपलेल्या पाण्यात ती गेली नसती तर सगळा तंतूच खुंटला असता, तिच्यासकट. तो शब्द वापरल्याने पेशी मोठी होत नाही. उलट जे खरोखर थोर आहे ते झाकलं जातं: कुणीही हुकूम न देता, निव्वळ शेजाऱ्याशेजाऱ्यांत पोचणाऱ्या निरोपांवर, एका अख्ख्या वस्तीने आपली कामं वाटून घेतली, कोट्यवधी वर्षांपूर्वी. आणि काकांच्या बाबतीत तर ‘त्याग’ म्हणून आम्ही सगळे त्यांच्या त्या रागापासून सुटलो, असं मला आता वाटतं.

खाचर सोडून सड्यावर गेलं तर हीच भूक आणखी उघडी दिसते. जांभ्याच्या कातळावर बोट-दोन बोटं माती, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जे काही विरघळेल ते धुऊन नेणारा. नत्र टिकणार कुठे? म्हणून तिथे सीतेची आसवं फुलतात, निळीजांभळी, दिसायला कोवळी, पण मुळाशी बारीक पिशव्या घेऊन पाण्यातले जीव पकडणारी. दवबिंदू ही वनस्पती पानावरच्या चिकट थेंबांनी किडे धरते. दोघीही नत्रासाठीच शिकारी झालेल्या. आणि त्यांच्या शेजारी कातळावर नॉस्टॉकचे जेलीसारखे तपकिरी-हिरवे चोथे पडलेले असतात. पाऊस गेला की ते वाळून काळ्या पापुद्र्यासारखे होतात, कातळ तापून पाय ठेववत नाही तरी ते तिथेच राहतात. उन्हापासून वाचवायला त्यांच्या वेष्टनात स्कायटोनेमिन नावाचं पिवळं-तपकिरी रंगद्रव्य असतं. मृगाचा पाऊस पडला की फुगून पुन्हा कामाला लागतात. त्या चोथ्यातही सूक्ष्मदर्शकाखाली तोच तंतू, तीच फिकट पेशी, तीच अंतरं.

शेतीचा विषय निघाला की लोक मला विचारतात, मग हे शेवाळ टाकलं की युरिया बंद करता येईल ना? नाही. भाताच्या खाचरात नीलहरित शेवाळ एका हंगामात हेक्टरी साधारण वीस ते तीस किलो नत्र देतं असं मानलं जातं. सुधारित जातींना शिफारस असते शंभर किलोच्या आसपास. बाहेरून आणलेली जात खाचरात टिकेलच असंही नाही, तिथल्या मूळच्या जाती आणि पाण्यातले बारीक किडे तिला पुरून उरतात. आपली जांभ्याची माती आंबट, आणि यांना आवडते उदासीन ते जरा अल्कधर्मी. पाणी साचल्यावर आम्लता कमी होते हे आपलं नशीब. मातीतलं लोह मात्र स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं आणि स्फुरदावाचून हे शेवाळ वाढत नाही. शिवाय त्यांनी बांधलेलं नत्र भाताला लगेच मिळत नाही, बरंचसं मिळतं ते तंतू मरून कुजल्यावर. तेव्हा चमत्काराच्या पुड्या विकणाऱ्यांपासून दूर राहावं. पण वीस किलो म्हणजे काहीच नाही असंही मी कुणाला म्हणू देणार नाही. माझ्या आजीच्या काळी गोणी नव्हती. राब भाजून, शेणखत घालून आणि हे वीस किलो धरून तिने घर जगवलं.

खाजणांत, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनींत, तर या शेवाळाचं मोल जास्त आहे असं मला वाटतं. खाडीचं पाणी बांध फोडून आत आलं की त्या जमिनीत दुसरं काही लवकर उभं राहत नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले आपटे आणि थॉमस यांनी ॲनाबीना टोरुलोसा ही मचूळ पाण्यातली जात मध्यम खाऱ्या खारजमिनीत वाढवून पाहिली. १९९७ साली त्यांनी लिहिलं की ती तिथे तगते, भरपूर नत्र बांधते आणि मातीतलं नत्र वाढवते. इतकं जवळचं, इतकं आपल्या कामाचं संशोधन, आणि खारबंदिस्तीच्या बैठकीत त्याचा विषयच निघत नाही.

आणि युरियाचं म्हणाल तर फॉग यांनी दाखवलेलं आपल्या खाचरातही खरं आहे. वरून युरिया फेकला की पाण्यात अमोनियम वाढतं, आणि तंतूंना भूकच लागत नाही. हेटआर झोपलेला राहतो, फिकट पेशी होत नाहीत. विकतचं नत्र येतं आणि फुकटचं बंद पडतं. कोकणात चारसूत्री पद्धतीने लावणी करणारे शेतकरी चार चुडांच्या मधे युरिया-डीएपीची ब्रिकेट, म्हणजे खताची दाबून केलेली गोळी, चिखलात खोल खोचतात. तिचं नत्र मुळांपाशी राहतं, पाण्यात फारसं येत नाही. खोल दिलेल्या युरियाने वरच्या शेवाळाचं काम तितकं थांबत नाही, असं इतर देशांतल्या भातखाचरांतही दिसून आलं आहे.

येत्या पावसाळ्यात माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी हेच काम देणार आहे. प्रत्येकाने आपल्या घरच्या किंवा शेजारच्या दोन खाचरांतला थर आणायचा, एक युरिया फेकलेलं, एक ब्रिकेट खोचलेलं, दोन्ही खत दिल्यानंतर सारख्याच दिवसांनी. मग सूक्ष्मदर्शकाखाली बसून दोन फिकट पेशींच्या मधे किती हिरव्या पेशी आहेत ते मोजायचं. फेकलेल्या खाचरात ते अंतर लांबलचक निघायला हवं, कुठे तर फिकट पेशी सापडूच नये. आणि जसजसे दिवस जातील, पाण्यातलं अमोनियम भात पिऊन टाकेल, तसतसं मधे कोणीतरी निघालेलं दिसायला हवं.